काइसेकी जेवायला जाताना: वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत जपानच्या काइसेकी जेवणाविषयी बरेच प्रश्न होते. ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चहाच्या विधीआधी देत त्या साध्या जेवणातून वाढत गेलेली ही जपानी मेजवानी. आठ-दहा छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमाने एकेक करून येतात आणि काय वाढायचं हे ऋतू पाहून आचारी ठरवतो. मेनूकार्डावरून निवडायला फारसं काही नसतं. म्हणून जे सांगायचं ते टेबल राखून ठेवतानाच सांगावं लागतं. खालच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं याच मुद्द्यापाशी येतात.

क्योतोतल्या नावाजलेल्या ठिकाणी दोघांनी रात्री जेवायचं तर खरा खर्च किती? वेबसाइटवर माणशी ३०,००० येन दिसतं, पण खाली बारीक अक्षरांत आणखी काही असतं.
*गंगापूर रोड*

त्या बारीक अक्षरांत सेवाशुल्क आणि कर असतो. सेवाशुल्क साधारण १० ते १५ टक्के आणि त्यावर १० टक्के उपभोग कर. हे दोन्ही धरलेले नसतील तर ३०,०००चे १० टक्के सेवाशुल्काने ३३,००० होतात आणि करासह ३६,३००. दोघांचे ७२,६०० येन. एका येनला साठ पैसे धरले तर साडेत्रेचाळीस हजार रुपये, तेही पेयांशिवाय. स्वतंत्र खोली घेतली तर काही ठिकाणी तिचं भाडं वेगळं. टीप मात्र द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर कोणीतरी ते परत द्यायला रस्त्यापर्यंत धावत येईल.

पहिल्यांदाच जात असाल तर दुपारी जा. स्वयंपाकघर तेच, पदार्थ दोन-तीन कमी आणि दर पुष्कळदा रात्रीच्या निम्म्याच्या आसपास. त्याहून स्वस्तात चव घ्यायची असेल तर ‘शोकादो बेंतो’ विचारा. झाकणाचा चौकोनी डबा, आत चार खण आणि प्रत्येकात वेगळा प्रकार. किच्चो या प्रसिद्ध काइसेकी रेस्टॉरंटचे संस्थापक युकी तेइइची यांनी तो रूढ केला. पूर्ण काइसेकी नव्हे, पण हात तोच.

आम्ही मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. मासळीचे पदार्थ वगळून बाकीचं वाढा, असं तिथे गेल्यावर सांगितलं तर चालेल ना?
*कॉलेज रोड*

नाही चालणार, आणि यात त्यांचा आडमुठेपणा नाही. अडचण मासळीच्या तुकड्याची नसून दाशीची आहे.

दाशी म्हणजे या स्वयंपाकाचं मूळ पाणी. कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ पाण्यात टाकून साधारण ६० अंशांवर तासभर ठेवतात. उकळू देत नाहीत, कारण उकळलं की ते बुळबुळीत होतं आणि उग्र वास सुटतो. मग कोंबू काढून, पाणी ८०-८५ अंशांवर नेऊन त्यात कात्सुओबुशी टाकतात, म्हणजे धुरावून लाकडासारख्या कडक केलेल्या बोनिटो माशाचा कागदासारखा पातळ कीस. काही क्षणांतच गाळून घेतात. जे उरतं ते फिकट सोनेरी पाणी, आणि ते कशात जात नाही ते विचारा. झाकणाच्या वाटीतल्या सारात तेच, शिजवलेल्या भाज्यांत तेच. अंड्याची गुंडाळी तुम्हाला चालते, पण तीही दाशी घालूनच करतात. तोफूवरच्या रश्शात, कोशिंबिरीच्या व्हिनेगरमध्ये, शेवटच्या मिसो सूपमध्ये, इतकंच काय मसालेभातासारखा भाज्या घालून केलेला भात असेल तर त्यातही. मासे वगळले तर ताटात फार तर लोणचं आणि फळ उरेल.

ही दाशी त्या दिवसापुरती, ठरलेल्या माणसांच्या हिशेबाने केलेली असते. संध्याकाळी सहाला दारात उभं राहून ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर आचाऱ्याच्या हाती काहीच नसतं. शिवाय त्या शब्दाचा अर्थ तिथे पुष्कळदा ‘मांस खात नाहीत’ एवढाच घेतला जातो आणि मासा समोर येतो. टेबल मागतानाच लेखी कळवा. निघण्याआधी हॉटेलकडून पुन्हा खात्री करून घ्या. पाठ करायचं वाक्य हे: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. साकाना नो दाशी मो ताबेमासेन.’ (मांस आणि मासे खात नाही, माशाची दाशीही नाही.) दुसरं वाक्य पहिल्याहून महत्त्वाचं.

काही ठिकाणी आठवडाभर आधी सांगितलं तर कोंबू आणि वाळलेल्या शिताके मशरूमची दाशी करून पूर्ण शाकाहारी जेवण देतात. बरीच जुनी घरं, म्हणजे रेस्टॉरंटं, सरळ नाही म्हणतात. नाही म्हटलं की गळ घालू नका, दुसरीकडे जा. नाइलाजाने हो म्हणवून घेतलेलं जेवण एवढे पैसे देण्याच्या लायकीचं नसतं.

आमचा सल्ला विचाराल तर शाकाहारी माणसाने काइसेकीच्या मागे न लागता शोजिन र्‍योरी जेवावी. हा बौद्ध मठांचा स्वयंपाक. मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही, आणि दाशी कोंबू-शिताकेचीच. क्योतोत आराशियामाला तेन्र्‍यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथे दुपारी हे जेवण मिळतं, बागेचं प्रवेशशुल्क वेगळं भरावं लागतं. वेळ असेल तर कोयासानच्या डोंगरावर मंदिरातच मुक्काम करा. पन्नासेक मंदिरं यात्रेकरूंना खोल्या देतात आणि रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी दोन्ही शाकाहारी. तिथला गोमा-दोफू जरूर खा. नावात तोफू असलं तरी सोयाबीनचा त्यात पत्ता नाही. तिळाचं दूध कुझू नावाच्या कंदाच्या पिठात घोटून थापतात, वर थोडी वासाबी. जिभेवर ठेवला की विरघळतो.

आम्ही जैन. मग शोजिन र्‍योरी डोळे झाकून खायला हरकत नाही?
*पंचवटी*

डोळे उघडे ठेवा. कांदा-लसूण नसला तरी मुळा, गाजर, कमळकाकडी, रताळं, सुरणाच्या जातीचे कंद हे या स्वयंपाकाचे आधारस्तंभ आहेत. कंदमुळं म्हणजे ‘कोन्साइ’. ती चालत नाहीत हे आधी लिहून कळवा, आणि मशरूम चालत नसेल तर तेही, कारण मग दाशी फक्त कोंबूचीच करावी लागते. वरचा गोमा-दोफूही कंदाच्या पिठाचाच.

टेबल मिळतच नाही. एका ठिकाणी जपानी फोन नंबर मागतात, दुसरीकडे आमचं कार्ड चालेना. काय करावं?
*इंदिरानगर*

नंबर मागत असतील तर राहत्या हॉटेलच्या कॉन्सिएर्जला, म्हणजे पाहुण्यांची सोय पाहणाऱ्या माणसाला, मेल करा. अशा घरांना पाहुण्याची हमी घेणारं कोणीतरी हवं असतं आणि चांगलं हॉटेल ती घेतं. तारीख, त्याखेरीज दोन पर्यायी तारखा, माणसं, खाण्याची पथ्यं आणि माणशी किती खर्च करणार, एवढं एकाच मेलमध्ये लिहा. स्वतः फोन करायचा तर दुपारचं आटोपून रात्रीची धांदल सुरू होण्याआधी करा: तिथले ३ ते ४:३०, म्हणजे आपल्याकडे ११:३० ते १.

कार्डाचं कारण बहुधा आपल्याकडेच असतं. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंद ठेवूनच कार्ड मिळतं. ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करावे लागतात, ‘ऑनलाइन’ आणि ‘परदेशी’ दोन्ही बटणं, आणि मर्यादाही वाढवावी लागते. कार्ड दिलं म्हणजे रद्द करण्याचा दंडही मान्य केला. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पूर्ण रक्कम कापणारी घरं पुष्कळ आहेत, कारण सकाळी बाजारातून मासळी तुमच्या नावावर आणलेली असते. तिघांचं सांगून दोघे गेलात तरी तेच.

पोहोचल्याच्या दिवशी संध्याकाळचं टेबल घेऊ नका. विमान उशिरा येतं, आणि वेळेवर आलं तरी अडीच तास ताठ बसून जेवण्याइतका जीव राहत नाही. पाच मिनिटं आधी पोहोचा. वीस मिनिटं आधी गेलात तर त्यांची पंचाईत होते. एप्रिलच्या फुलांत आणि नोव्हेंबरच्या पानगळीत क्योतोतली टॅक्सी हलत नाही. तेव्हा ट्रेनने जवळ जाऊन उरलेलं चालत जा.

आईचं वय ७४, गुडघे दुखतात. खाली बसावं लागतं का?
*सिडको*

खुर्चीची जागा म्हणजे ‘इसु-सेकि’. टेबल राखतानाच हा शब्द लिहा. ती नसेल तर ‘होरिगोतात्सु’ विचारा. यात बसायचं जमिनीवर, पण टेबलाखाली खड्डा असल्याने पाय खाली सोडता येतात. तिथून उठताना मात्र कोणीतरी हात द्यावा लागतो. नुसती तातामी चटई असेल तर मांडी घालून बसलेलं चालतं. पाय दुमडून त्यांच्यासारखं बसण्याचा हट्ट कोणी धरत नाही.

बूट दारात काढायचे, म्हणून मोजे हवेतच. सहलीला चपला घालून फिरणाऱ्यांनी पिशवीत एक जोड ठेवावा, अनवाणी तातामीवर जाणं बरं दिसत नाही. अत्तर, सेंट त्या दिवशी बंद. हातातल्या पाटल्या-बांगड्या आणि मोठ्या खड्याच्या अंगठ्याही हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. लाखेच्या वाट्यांवर ओरखडा उठला तर तो निघत नाही, आणि त्यातल्या काही वाट्या आपल्या पणजीच्या वयाच्या असतात. त्याच कारणाने मोबाइलही काउंटरच्या उघड्या लाकडावर आपटू नये.

पदार्थांचा क्रम काय असतो? भात शेवटी येतो म्हणतात, तोवर पोट भरायचं कशाने?
*देवळाली कॅम्प*

सुरुवातीला एक छोटा घास, मग झाकणाची वाटी, कच्ची मासळी, ‘हास्सुन’ म्हणजे साधारण २४ सेंटिमीटर चौरस तबकात ऋतूतले डोंगरचे-समुद्राचे जिन्नस, मग भाजलेलं, शिजवलेलं, आंबट. क्रम घरागणिक थोडा इकडेतिकडे होतो. भात, मिसो सूप आणि लोणचं आलं की जेवण संपत आलं असं समजा. आपल्या पानात सगळं एकदम वाढलेलं असतं आणि कालवायचं आपण ठरवतो, तिथे ते काम आचाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. भात लवकर मागू नका, सोबत नेलेली लसणाची चटणी तर मुळीच काढू नका. पोट भरतं. भात फार वाटला तर ‘सुकुनामे’ म्हणा, कमी वाढतील.

खरी परीक्षा झाकणाच्या वाटीची. आचारी याच वाटीवर नाव कमावतो. उन्हाळ्यात क्योतोत तिच्यात बहुधा हामो असतो, वामच्या जातीचा, बारीक काट्यांनी गच्च भरलेला मासा. काटे काढता येत नाहीत, म्हणून जड सुरीने तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस-पंचवीस चिरा देतात, काटे तुटतील पण खालची कातडी तुटणार नाही अशा बेताने. कुझूचं पीठ लावून गरम पाण्यात सोडला की तो फुलासारखा उमलतो. चिरा उथळ पडल्या तर काटा दाताखाली येतो.

वाटीचं झाकण अडकलेलं असेल, कारण आतली वाफ निवून पोकळी झालेली असते. ओढू नका, अंगावर सांडेल. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी वाटीची कड दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. लाकूड किंचित लवतं, हवा आत शिरते आणि उजव्या हाताने झाकण अलगद निघतं. त्यावरचं पाणी वाटीतच निथळू द्या, झाकण उजवीकडे उताणं ठेवा. मग आधी एक घोट सार. फोटोसाठी दोन मिनिटं थांबलात तर युझू या लिंबासारख्या फळाच्या सालीचा वास उडून जातो. संपल्यावर झाकण जसं होतं तसंच सुलटं घाला.

चॉपस्टिक्सबाबत दोन गोष्टी पाळा: भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. दोन्ही त्यांच्याकडे अंत्यविधीशी जोडलेलं आहे. बाकी चुका कोणी मनावर घेत नाही.

आठ वर्षांचा मुलगा बरोबर नेता येईल?
*नाशिक रोड*

बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वर्षांखालची मुलं घेत नाहीत, घेतली तर स्वतंत्र खोलीत. आधी विचारा. काउंटरची जागा मात्र मागूच नका.

आपल्या नाशिकची वाइन सोबत नेऊन तिथे उघडली तर?
*सातपूर*

जपानमध्ये माणशी तीन बाटल्यांपर्यंत, प्रत्येकी ७६० मिलीलिटरच्या आसपास, कर न भरता नेता येतात. वयाची अट २० वर्षं. बाटली सामानात टाकायची, केबिन बॅगेत नाही. रेस्टॉरंटमध्ये ती उघडायची तर आधी परवानगी काढा. काही घरं शुल्क घेऊन उघडू देतात, बरीच नाही म्हणतात. रेड नेऊ नका. तिच्यातल्या लोहामुळे मासळीबरोबर घशात एक हिवस वास रेंगाळतो आणि दोन्हींचा विचका होतो. शनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ अशी पांढरी वाइन न्या, तीही थंड करून, आणि कच्च्या मासळीच्या पदार्थापर्यंत राखून ठेवा. मद्य घेतच नसाल तर चहा मिळतो. मात्र मिरिन (गोडसर स्वयंपाकाची दारू) आणि साके (तांदळाची दारू) रश्शांतही पडतात. तेवढंही नको असेल तर टेबल मागतानाच्या त्याच मेलमध्ये ती ओळ घाला.