खाऊ पौष्टिकच आहे, वेळ तेवढी बघा

ताई, तुमचा पहिलीतला मुलगा संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू, केळं, दूध सगळं खातो आणि साडेसातला भाकरी बघून तोंड फिरवतो, हे वाचून आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घरातल्या संध्याकाळी आठवल्या. माझी लेकही तश्शीच करायची. वजन, रक्त तपासून झालंय असं धरून लिहिते.

लाडू चांगलाच, त्यात वाद नाही. पण गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि पेलाभर दूध म्हणजे एवढ्याशा पोटाला अर्धं जेवण झालं. सहाला ते पोटात गेलं की साडेसातला भूक कुठून लागणार? शाळेतून आल्या आल्या द्या, मग दोन-अडीच तास फक्त पाणी.

आम्हाला सगळ्यात महागात पडला तो एक दवाखाना. नाव लिहीत नाही. पोर दिवसभर काय खाते हे विचारलंच नाही. भुकेचं औषध लिहिलं आणि हातात छापील कागद दिला, तोही नुसता कानडीत. आम्ही सगळे मराठी शाळेत शिकलेलो. सासूबाई कानडी बोलतात, पण वाचता येत नाही. विचारलं तर काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "सारखं थोडं थोडं घाला, एवढंच आहे." मग काय, वाटी घेऊन पोरीच्या मागे अंगणभर! पुढे शेजारच्या मास्तरांनी कागद वाचून दाखवला, तर दोन खाण्यांत अंतर ठेवा असं त्यात स्वच्छ छापलेलं. औषधाने पोर नुसती पेंगायची. भुकेच्या बऱ्याच सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडीन असतं, त्याने झोप येते, हेही कुणी सांगितलं नाही. सीमाभागात राहतो म्हणून लेकराच्या तब्येतीचा कागद आईला वाचता येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

स्वयंपाक व्हायच्या आत भूक भूक करायला लागला तर काकडी, गाजर, टोमॅटो द्या, पण ताटात, जेवणाची सुरुवात म्हणून. त्याने पोट भरत नाही, भाजी मात्र जाते. घरात धाकटं भावंड पाच वर्षांच्या आतलं असेल तर अख्खे शेंगदाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत बरं. मुलगा कर्नाटकातल्या सरकारी शाळेत असेल तर तिथे क्षीरभाग्य योजनेत मिळणारं 150 मिली दूध त्यातच धरा.

आणि माझं ठाम मत: काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते त्याने. दोन घास खाऊन उठला तर उठू द्या, तासाभराने बिस्किटं मात्र नकोत. आजीला हे आधीच सांगून ठेवा.

मी डॉक्टर नाही. वजन घटत असेल किंवा मूल फिकं, मलूल दिसत असेल तर यात वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नाहीतर तो दूध नेमकं किती वाजता पितो ते इथे लिहा, मग बघू.