जुन्या गाडीचे पुढचे स्ट्रट निवडताना

तुमच्या गाडीच्या एकाच स्ट्रटवर (चाकाचे धक्के शोषणाऱ्या, तेल भरलेल्या नळकांड्यावर) तेलाचा ओघळ दिसत असला, तरी पुढचे दोन्ही स्ट्रट एकदमच बदलावेत. एक नवा आणि एक झिजलेला असल्यास ब्रेक लावताना व वळणावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात. सुटा भाग घेताना केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नये, चॅसी क्रमांकावरून तो पडताळून घ्यावा, कारण एकाच मॉडेलमध्ये इंजिन वेगळे असले की पुढचे वजन आणि त्यानुसार स्प्रिंगही बदलू शकते.

खरा प्रश्न नुसता स्ट्रट घ्यावा की स्प्रिंग व माउंटसह (स्ट्रट वरून गाडीच्या सांगाड्याला जोडणारा भाग) जोडलेला संच, हा आहे. गाडी जुनी असेल आणि काम घरीच करायचे असेल, तर मी चांगल्या प्रतीच्या संचाच्या बाजूने आहे, कारण नुसता स्ट्रट बदलताना स्प्रिंग दाबून काढावी लागते आणि ती निसटली तर गंभीर इजा होऊ शकते. मूळ स्प्रिंग शाबूत असल्यास नुसता स्ट्रटही चालेल. मात्र त्यासोबत वरचे माउंट, त्यातील बेअरिंग, बम्प स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबताना आदळू न देणारा ठोकळा) आणि धूळरोधक रबर नवेच घालावे. जुने बेअरिंग तसेच ठेवून मी एकदा फसलो आहे: स्टिअरिंग फिरवताच स्प्रिंग अडकून ‘टण्ण’ असा आवाज येई आणि सगळे पुन्हा उघडावे लागले.

बसवताना स्ट्रटचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये. त्यावरचा एक ओरखडाही तेल रोखणारे सील फाडायला पुरतो. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावीच.