पेट स्कॅन निगेटिव्ह म्हणजे एकही पेशी उरली नाही का?

उपचार संपल्यावर पेट स्कॅन निगेटिव्ह आला, तर शरीरात कॅन्सरची एकही पेशी उरली नाही असं धरायचं का, हा तुमचा प्रश्न. नाही, तसं धरता येत नाही. निगेटिव्हचा अर्थ एवढाच, की दिलेला ट्रेसर (स्कॅनआधी टोचलेला किरणोत्सारी पदार्थ) पुरेसा शोषून घेणारी, काही मिलिमीटरपेक्षा मोठी गाठ दिसली नाही.

एक घन सेंटीमीटर गाठीत साधारण १० ते १०० कोटी पेशी असतात. त्या हिशोबाने ५ मिमी व्यासाच्या गाठीत ६५ लाख ते साडेसहा कोटी पेशी झाल्या, आणि बहुतेक स्कॅनरची मर्यादा याच्याच आसपास येते. ट्रेसरमधल्या किरणोत्सारी फ्लोरीन-१८ मधून निघालेला पॉझिट्रॉन (धन प्रभाराचा सूक्ष्म कण) नष्ट होण्याआधी ऊतीत थोडा सरकतो, स्कॅनरमध्ये किरण टिपणाऱ्या क्रिस्टलला स्वतःची रुंदी असते, शिवाय स्कॅन चालू असताना रुग्ण श्वास घेतच असतो. हे सगळं मिळून चित्र ४ ते ६ मिमीने पसरतं. गाठ याच्या दुप्पट-तिपटीहून लहान असेल तर तिचा सिग्नल आजूबाजूला सांडतो आणि ती आहे त्यापेक्षा फिकी दिसते. फुफ्फुसाच्या तळाशी श्वासामुळे हे जास्तच होतं.

पण माझ्या मते आकाराहून महत्त्वाचा असतो तो पार्श्वभूमीशी फरक. एफडीजी, म्हणजे फ्लोरीन-१८ जोडलेला, सर्वांत जास्त वापरला जाणारा ट्रेसर, ग्लुकोजसारखंच पेशीत शिरतं, हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं आणि पुढची पायरी होत नसल्याने ते तिथेच अडकतं. मेंदू मुळातच भरपूर ग्लुकोज खातो, म्हणून तिथली छोटी गाठ झाकली जाते. तिच्यासाठी एमआरआयच हवा. म्यूसिनस (चिकट द्रव भरलेल्या) गाठी, स्तनाच्या कॅन्सरचा लोब्युलर प्रकार आणि प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर एफडीजी कमी घेतात. उलट पीएसएमए (प्रोस्टेटच्या पेशींवरचं एक प्रथिन) शोधणाऱ्या ट्रेसरवर प्रोस्टेटची ४-५ मिमीची लसिकाग्रंथीही उठून दिसू शकते. म्हणून रिपोर्टमध्ये आधी ट्रेसर कोणता ते बघा.

चुका बहुधा तयारीत होतात. एफडीजीसाठी किमान ४ ते ६ तास उपाशी राहावं लागतं. साखर २०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल तर स्कॅन सहसा पुढे ढकलतात. ती घाईने उतरवायला ट्रेसरच्या इंजेक्शनच्या तोंडावर इन्सुलिन दिलं तर ट्रेसर स्नायूंत जातो आणि गाठ फिकी पडते. मेटफॉर्मिनमुळे आतडं उजळतं. ते थांबवायचं का, हे डॉक्टरांनाच विचारा. रेडिएशननंतरची सूज गाठीसारखी दिसते, त्यामुळे शक्य असेल तिथे सुमारे ३ महिने थांबतात.

मोजक्या पेशी शोधायच्या तर नमुनाच लागतो. ल्युकेमियात अस्थिमज्जेच्या नमुन्यावर फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरने तपासणारी चाचणी) १० हजार ते १ लाख पेशींत एक रोगट पेशी पकडू शकते, पण फक्त त्या नमुन्यापुरती.

पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा, आणि ट्रेसरच्या इंजेक्शननंतर तेवढाच वेळ, साधारण ६० मिनिटं, थांबून. पहिला ६० मिनिटांनी आणि दुसरा ९० मिनिटांनी झाला, तर गाठ न वाढताही रिपोर्टमधला, गाठीने किती ट्रेसर घेतला त्याचा आकडा वाढलेला दिसू शकतो.