दोरीच्या अकरा गाठी

डिसेंबर लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे पालक येतात ते एकाच कागदाची घडी खिशात घालून. शाळेनं नववीसाठी अनुभव-शिक्षणाचे कोर्स जाहीर केलेले असतात. बारा दिवस दप्तर घरी ठेवायचं, दिलेल्या पाच-सहा विषयांतला एक निवडायचा आणि त्यातच बुडून जायचं. कधी वावरात, कधी कार्यशाळेत, कधी नाल्याच्या काठानं. मधल्या तीन रात्री बाहेर मुक्काम. पालक विचारतात, नाव द्यावं का? दिलं तर कशात? आणि तेवढ्या दिवसांचा अभ्यास बुडाला तर?

उत्तर म्हणून एका मुलीची हकीकत सांगते. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव लिहीत नाही.

मुलगी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावची. घरी सहा एकर, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर, विहिरीच्या भरवशावर दीड-दोन एकर चना. बाबा शाळेत आले ते तावातावानंच.

"मॅडम, पुढच्या साली पोरीची दहावी. अन् शाया म्हंते दप्तर घरी ठेवा. मंग शाया काहाले पाह्यजे? अन् हे वावर तर थे रोजच पाह्यते. वावर दाखवाचे नवशे रुपये काहाले द्याचे?"

हा प्रश्न मला मनापासून पटतो. शहरातल्या मुलांना शेत दाखवायला नेतात, माती हातात देतात, आणि त्या मुलांसाठी ते नवीन असतं. आमच्या मुलांचं तसं नाही. रविवारी कापूस वेचून बोटांना बोंडाचे काटे लागलेल्या पोरीला 'मातीशी नातं जोडा' असं सांगायचं तरी कसं? त्यामुळे गावातल्या शाळेच्या अशा कोर्साबद्दल मी आधी एकच गोष्ट तपासते. मुलं हातानं काम केल्यावर पुढे काय करतात? बसून मोजतात का, लिहितात का, एकमेकांना 'असं का झालं?' विचारतात का? तेवढं नसेल तर बाप म्हणतो ते खरं आहे. ती एक तर सहल झाली नाहीतर फुकटची मजुरी.

वर्धेकरांना हे नवीन नाही. 1937च्या ऑक्टोबरात, 22 आणि 23 तारखेला, वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं हातानं काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम आखला आणि ती पद्धत नई तालीम म्हणून ओळखली गेली. गांधीजींचा आग्रह नुसत्या सूतकताईचा नव्हता. कामातली प्रत्येक क्रिया का आणि कशासाठी करायची हे मुलाला कळलं पाहिजे, असा होता. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही बाग आणि स्वयंपाकघर हे शिकण्याचेच वर्ग आहेत. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवा म्हटलं, तेव्हा इथल्या म्हाताऱ्या शिक्षकांना त्यात ओळखीचंच काही दिसलं.

म्हणून मी शाळेकडून बारा दिवसांचा रोजचा कागद मागवून घेतला. कोणत्या दिवशी काय, कोणासोबत, आणि संध्याकाळी काय. रोज संध्याकाळी एक तास वहीचा आणि चर्चेचा होता. तो तास बघून मी बाबांना म्हटलं, आता आपण बोलू शकतो.

मुलीला मी वेगळी भेटले. 'तुला काय आवडतं?' हे मी विचारत नाही. त्याचं उत्तर मुलं आपल्या तोंडाकडे बघून देतात. मैत्रिणीनं घेतलं तेच नाव सांगतात, नाहीतर सरांना बरं वाटेल ते. मी विचारलं, "मागच्या पंधरा दिवसांत कोणी न सांगता तू काय केलंस?"

"काईच नाई मॅडम."

मी थांबले. अशा वेळी घाईनं दुसरा प्रश्न विचारला की पहिल्याचं उत्तर गेलंच म्हणून समजा.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हिरीचं पानी मोजलं."

"कसं?"

"दोरीले गाठी पाडल्या, हाताहातावर. खाली दगड बांधला. दिवाईले सात गाठीवर पानी लागे. आता अकरा."

कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तारखा आणि आकडे होते. एका ओळीपुढे 'बाबा रात्री भिजवते' असं लिहिलेलं. पाणी उपसलं की पातळी खाली जाते, मग सकाळी किती परत चढते, हे तिला बघायचं होतं. पण दोर ओला झाला की त्याची लांबी बदलते, गाठी सरकतात, आणि मग मागचा आकडा खरा की आजचा, ते कळत नाही. तिथं तिचं गाडं अडलं होतं. गणितात तिला सहामाहीला 100पैकी 41 गुण होते. वर्गशिक्षकांच्या मते मुलगी 'साधारण'.

शाळेच्या यादीत 'पाणी आणि माती' होतं, 'सोलर आणि वायरिंग' होतं, अन्नप्रक्रिया, रोपवाटिका, कापूस ते कापड आणि संगणक होतं. बाबांना संगणक हवा होता. त्यांची इच्छा चुकीची नव्हती. पोरीला उन्हातलं काम नको, सावलीतलं मिळावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते मी तिला समजावून सांगितलं, कारण तिला वाटत होतं की बाबांना तिची दोरी म्हणजे खेळ वाटतो.

मग मी घरी गेले. कालनिर्णयाचं जानेवारीचं पान काढून खाली अंथरलं. हे मी प्रत्येक घरात करते. फॉर्म शाळेच्या तारखांवर भरला जातो, पण मूल कोर्साला जातं की नाही ते घरच्या तारखांवर ठरतं. 14ला संक्रांत, मग मायचं हळदीकुंकू. कापसाचा तिसरा वेचा त्याच आठवड्यात. चन्याला पाणी. कोर्स 15 ते 26. आमच्याकडे उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे वर्ष आधीच आखूड. त्यात हे बारा दिवस कुठे बसतात आणि बुडालेले धडे शाळा कधी भरून काढणार, हे मी मुख्याध्यापकांकडून लेखी घेतलं होतं. हजेरी धरणार आणि फेब्रुवारीत रोज एक तास जादा घेणार, असं उत्तर आलं. तेही वाचून दाखवलं. दहावीच्या वर्षात हे जमलं नसतं. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चलाच असते. नववीतच करून घ्यावं, असं मी म्हटलं.

बाबा सगळ्याला मान डोलवत होते, तरी हो म्हणत नव्हते. अभ्यास झाला, पैसे झाले. मुख्याध्यापकांशी मी आधीच बोलून ठेवलं होतं, नऊशे रुपये तीन हप्त्यांत चालणार होते. कोणाही बापावर वर्गशिक्षकासमोर हात जोडायची वेळ येऊ नये म्हणून पैशाचं बोलणं मी स्वतःच करते. मग अडतं कुठं?

शेवटी मायच बोलल्या. "रात्रीची लाइन हाय त्या हप्त्यात. बॅटरी कोन धरन?"

ही होती खरी अडचण. मोटारीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री चन्यात पाणी फिरवताना बाबांसोबत बॅटरी धरून उभी राहायची ती हीच पोरगी. मायची कंबर धरलेली, भाऊ लहान. अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत एकट्यानं पाणी द्यायचं बाबांच्या जिवावर आलं होतं, आणि हे ते माझ्यासमोर बोलू शकत नव्हते. शेवटी त्या तीन रात्रींसाठी काकांच्या मुलाला सांगायचं ठरलं. पाच मिनिटांचं काम. पण ते बोलण्यावर यायला दीड तास आणि दोन वेळचा चहा लागला. पालक 'अभ्यास बुडतो' म्हणतात तेव्हा मी आता तिथं थांबत नाही. त्यामागं बरेचदा एखादी बॅटरी असते.

इथं माझी एक चूक सांगायलाच हवी. त्याआधीच्या एका वर्षी, दुसऱ्या शाळेत, चित्रं छान काढणाऱ्या एका मुलाला मी अभिरुची चाचणीचा कागद बघून कोर्स सुचवला. कोर्स त्याला आवडलाही. पण मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो कोणाला न सांगता एसटीत बसून घरी आला. त्याला अजून अंथरुणात लघवी व्हायची. घराबाहेर तो कधी झोपलाच नव्हता, आणि हे मी विचारलं नव्हतं. वर्गानं त्याला महिनाभर छळलं. या वयातही काही मुलांना हा त्रास असतो. तो आळस नाही, त्यावर उपचार आहेत. थोडी तयारी केली असती तर तो मुक्कामही नीट पार पडला असता. त्या मुलाची मी माफी मागितली. तेव्हापासून रात्रीबद्दल मी प्रत्येक मुलाला एकट्यात विचारते. घराबाहेर झोपला आहेस का? रात्री कशाची भीती वाटते? मुलींना पाळीच्या तारखा विचारते, आणि मुक्कामाच्या जागी संडासाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, हे शाळेला विचारते. सोबत बाई शिक्षिका कोण आणि ती मुलींच्याच खोलीत झोपणार का, हेही.

आणि सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात हे विचारल्याशिवाय कोणत्याही मुक्कामाचा फॉर्म पूर्ण होऊ नये. सिकलसेलच्या रुग्ण मुलाला थंडी, अति श्रम आणि पाणी कमी पडणं यातून असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. जानेवारीची पहाट आणि दिवसभराची पायपीट त्याला सोसेलच असं नाही. पण म्हणून कोर्स नाकारायचा नाही. गरम कपडे, सतत पाणी, औषधं आणि जवळच्या दवाखान्याचं नाव सोबतच्या बाईंच्या वहीत लिहून ठेवायचं. अनेक घरं हे लपवतात, पुढे मुलीचं लग्न जमणार नाही म्हणून. मी सांगते, फक्त सोबतच्या बाईंना सांगा, पण सांगाच.

फॉर्मवर तीन पसंतीक्रम होते. पहिला पाणी आणि माती, दुसरा सोलर-वायरिंग, तिसरा बाबांचा संगणक. 'हा कोर्स का हवा?' याखाली चार ओळी रिकाम्या होत्या. बरेच पालक तिथं स्वतः सुबक मराठी लिहून देतात. मी ते करू देत नाही. तिनं लिहिलं : 'आमच्या विहिरीचं पाणी किती राहिलं ते मला नीट मोजता येत नाही.' एवढंच. वीस जागांत तिचं नाव आलं.

पुढे बारा दिवसांत काय झालं ते मी दोनदा जाऊन पाहिलं. तीन बांबू, सुतळी आणि एक दगड घेऊन त्यांनी 'ए'च्या आकाराची चौकट बांधली आणि उतारावर समपातळीची रेघ काढली. काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवलं. नाल्याकाठची रेताड माती लगेच तळाशी बसली, तिच्या वावरातल्या काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ होतं. काळ्या मातीत चिकणमातीचे कण अतिबारीक, ते बसायला वेळ लागतो. त्याच कणांमुळे ती पाणी धरते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. ती त्या बाटलीसमोरून हलेना. मी जवळ गेले तर म्हणाली, "मॅडम, म्हनूनच चपलेले चिकटते."

विहिरी मोजायला त्यांना पोलादी टेप मिळाला. ताणत नाही, सरकत नाही. मोजायचं ते सकाळी, मोटार सुरू करण्याआधी, आणि दर वेळी काठाच्या एकाच खुणेपासून. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणासुद्धा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते, जानेवारी त्यांतला एक, हे सरांनी सांगितलं तेव्हा तिनं आपली वही काढून सगळ्यांसमोर ठेवली. पहिल्यांदाच.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी गावातल्या चौदा विहिरींचा तक्ता लावला. ती बोलताना दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा थांबून कागद बघून बोलली. बाबा मागं उभे होते. नंतर मला म्हणाले, "संगनकाचं पुढच्या साली पाहू."

त्या साली ते जमलं नाही, दहावी होती. नववीच्या वार्षिक परीक्षेत गणितात तिला 44 मिळाले. बारा दिवसांत गणित सुधारतं असं मी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. भागाकार तिला अजून जड जातो, त्यासाठी वेगळी शिकवणी लावली.

मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेले होते. सकाळची वेळ, त्या आठवड्यात दिवसाची लाइन. काठावर पांढऱ्या रंगाची खूण, खांबाला टेप अडकवलेला. बाबा स्टार्टरच्या पेटीपाशी उभे होते, पण बटण दाबत नव्हते. मी कारण विचारलं तर त्यांनी घराकडे पाहून हाक दिली.

"ये वो, मोजून घे लवकर. लाइन चालली जाईन."