वेणीतलं पाणी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. सोबतचा नकाशा पाहिला, ती जाडजूड वहीही वाचली. सात राजघराणी, त्यांच्या वंशावळी, स्वतंत्र लिपी, एवढं सगळं एकटीनं उभं केलंस, त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पण कथा बारा पानांची आणि त्यातली पहिली पाच पानं वहीतली माहिती सांगण्यातच गेली. ‘कथेत जीव येत नाही’ म्हणून लिहिलंयस, ते त्यामुळं.

जीव आहे. अकराव्या पानावर आहे. डोंगरावरच्या चौकीपाशी रांगेत उभी असलेली नऊ वर्षांची मुलगी पुढं सरकण्याआधी आपली ओली वेणी पिळते, कारण अलीकडचं पाणी पलीकडं न्यायचं नाही असा तिथला कायदा आहे. शिपाई बघत राहतो, आई मान फिरवते. तिथं मी वाचायचा थांबलो. सात राजांचं राज्य मला दिसलं नव्हतं, ते त्या वेणीत दिसलं.

कादंबरीला जग फिरवून आणायला सवड असते, कथेला नसते. कथेत त्या जगाचा एक नियम घ्यावा आणि तो ज्याला जाचतो त्याच्यापाशी जाऊन बसावं. आमच्या घरातलंच सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आपला बेळगावचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. लहानपणी हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. मला दिसायचं ते एवढंच, की जमिनीचा उतारा कानडीत आला की आजोबा तो टोपीत घडी करून ठेवायचे आणि वाचून घ्यायला शेजारच्या गल्लीतल्या कानडी मास्तरांकडं जायचे. जाताना नेहमी चार केळी न्यायचे. फेररचनेवर लिहायला बसलो, तर मी त्या केळ्यांपासून सुरुवात करीन.

पाण्याचा कायदा तुला कुठून सुचला ते विचारत नाही, पण तो आपल्या मातीतला आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडं जाते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्याकडं उतरते, अरबी समुद्राला मिळते. एकाच पावसाचं पाणी दोन समुद्रांना जातं. पावसाळ्यात एकदा तिकडं जाऊन ये. चौकीवरचा चिखल, कुडकुडणारी माणसं, इरल्यावरून ठिबकणारं पाणी तुला रचावं लागणार नाही.

नावांचं बघ. तुझी गावं जिभेला परकी वाटतात. आपल्याकडं गावाच्या नावात कानडी ‘केरे’ आलं की ते म्हणजे तळं, हे मराठी माणसाच्याही कानाला ठाऊक असतं. गावाचं नाव अनेक तोंडांत झिजून तयार होतं. आणि २०१४ पासून पाटीवर बेळगावी असलं तरी आपण घरात बेळगावच म्हणतो. तुझ्या डोंगरालाही शिपायाचं एक नाव आणि आईचं दुसरं असणारच. चौकीवर विचारल्यावर मुलगी कुठलं सांगते? तिथं वाचकाचा श्वास अडकेल, लढाईचं वर्णन लागणार नाही.

वही मात्र फेकू नकोस. पंचविशीत मीही असंच एक राज्य रचलं होतं, लांबलचक प्रस्तावनेसकट. कथा साभार परत आली. मी रागानं सगळंच बंबात घातलं. जाळायची होती ती फक्त प्रस्तावना. शिपाई तो कायदा का मानतो, हे तुला माहीत आहे म्हणूनच त्याचं नुसतं बघणंसुद्धा खरं वाटतं. ते ज्ञान वहीतच राहू दे.

आता कथा चौकीच्या रांगेतच सुरू कर. राजे वगळ, फार तर एखाद्याचं नाव शिपायाच्या शिवीत येऊ दे. आणि एक राहिलंय. मुलगी उभी होती ती ऐन माथ्यावर. तिनं पिळलेलं पाणी कुठल्या बाजूला वाहत गेलं, ते तू लिहिलेलं नाहीस. ते मला कळव.

तुझा,
सर