पन्नाशीत कराटे सुरू करताय? मग एवढं सांभाळा

वय आड येत नाही, घाई येते. पहिले ३ महिने आठवड्यातून २ वर्ग पुरेत, मध्ये दोन दिवस विश्रांती. दम लवकर वाढतो, पण स्नायू हाडाला जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात. म्हणून अंगात जोर आल्यासारखं वाटू लागतं तेव्हाच टाच नि गुडघा धरतो.

वॉर्मअप १५ मिनिटं, तोही हालचालींचा. थंड अंगाने पाय ताणून धरू नका.

लाथ कमरेपर्यंतच. उंचीच्या नादात टेकलेला पाय वळवायचा राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. हवेत ठोसा मारताना कोपर झटक्याने पूर्ण सरळ करू नका. शेजारच्या विशीतल्या पोराशी बरोबरी तर नकोच!

स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव, सध्या विसरा. जुनी दुखापत, रक्तदाब वगैरे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांच्या कानावर घाला.