शहादा तालुक्यातल्या आजोबांची 1935च्या सुमाराची जन्मनोंद आणि शेताच्या जुन्या दाव्याचा निकाल कुठे मिळेल?

जन्मनोंद शहादा तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा, निकाल दावा चालला त्या कोर्टाच्या नक्कल विभागात. त्या काळातले गावचे जन्म-मृत्यू कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये लिहिले जात. अर्जात गाव, पणजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे साल द्या. साल नक्की नसेल तर मागचीपुढची दोन-तीन वर्षंही लिहून टाका, नाहीतर ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मारून कागद परत येतो. आजोबांचं नाव मात्र सापडेलच असं नाही. बऱ्याचदा बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ एवढंच असतं. पान मोडी लिपीत असलं तर मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

दाव्याचा नंबर माहीत नसेल तर आधी शेताचे जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढा, हुकूमनाम्याचा (कोर्टाच्या डिक्रीचा) नंबर आणि तारीख त्यात बहुधा मिळते. शहादा ज्यात येतो तो नंदुरबार जिल्हा 1998 चा, त्याआधी सगळं धुळ्याखाली. तेव्हा जिल्हा कोर्टातल्या अपिलाची चौकशी धुळ्यालाही करा. साक्षीपुराव्याचे कागद मुदतीनंतर नष्ट करतात, म्हणून अर्ज निकाल आणि हुकूमनाम्यासाठीच करा.